एकोणपन्नास टक्क्यांवर अडकलेला ओढा

पहिलं हे सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. माझ्या घरात अंगात येणं, उतारा, दाराला लिंबू-मिरची यांतलं काहीही नाही. वडलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या आमच्या बैठकीच्या भिंतीवर लावलेल्या आहेत, आणि त्या वाचतच मी मोठा झालो. या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतो, तेही मुख्यतः चुका शोधायला. कोणाच्या गोष्टीत अमावास्या असते आणि त्याच रात्री अंगणात चांदणं पडलेलं असतं... असं सापडलं की बायकोला वाचून दाखवतो.

तेव्हा आज मीच हे लिहायला बसलोय, याचा मला थोडा राग आहे.

माझं वय सेहेचाळीस. राहणार सेनगाव, जिल्हा हिंगोली. मार्केट यार्डात मापाडी आहे. शेतकऱ्याची तूर, सोयाबीन, जे येईल ते काट्यावर ठेवायचं, वजन मोठ्यानं बोलायचं आणि लिहायचं. वीस वर्षांत माझ्या मापावर शंका घेऊन फेरमाप झालं ते सात वेळा, आणि सातही वेळा माझाच आकडा निघाला. ही बढाई नाही. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हे माहीत असलेलं बरं.

गोष्ट २००८ च्या उन्हाळ्यातली. माझी बायको सुमन तेव्हा सेनगावपासून सहा किलोमीटरवरच्या एका बंजारा तांड्यावर वस्तीशाळेत शिकवायची. तांड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक तिथं नारळ घेऊन जातील. शाळा म्हणजे एक खोली, पहिली ते चौथी, तेवीस लेकरं. एप्रिलमध्ये वरून कागद आला, की खालच्या गावची मोठी शाळा तांड्यापासून ९४० मीटरवर आहे, म्हणजे एक किलोमीटरच्या आत, सबब वस्तीशाळेची गरज नाही. जूनपासून लेकरांनी खाली जावं. हरकत असेल तर पुराव्यासह अमुक शुक्रवारी मांडावी.

तांडा आणि खालचं गाव यांच्या मध्ये एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात वाळू आणि गोटे, दुसरं काही नाही. पावसाळ्यात तो कमरेच्या वर येतो. तेवीसपैकी चौदा मुली होत्या. सुमनचं म्हणणं एवढंच होतं की ओढा आला की पहिल्या घरात बसवल्या जातील त्या मुली, आणि एकदा बसल्या की परत उठणार नाहीत. तिच्या मानधनाचं तिला फार वाटत नव्हतं. खरं म्हणजे वाटत असेल, पण ती बोलली नाही.

इथं एका म्हातारीबद्दल सांगायला पाहिजे. तिचं नाव गोमलीबाई. लेकरं तिला याडी म्हणायची, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. सकाळी शाळेच्या दारात बसायची आणि आत जाणारी लेकरं मोजायची. जुनी माणसं मोजतात तसं इसांनी मोजायची. एक इस म्हणजे वीस. तेवीस लेकरं आली की ‘एक इस न तीन’ म्हणून पदर सावरून उठायची. एक जरी कमी पडलं तर तांड्याच्या टोकापर्यंत जाऊन हाका मारायची.

आदल्या हिवाळ्यात ती तुरीची तीन पोती घेऊन यार्डात आली होती. माझ्या काट्यापाशी उभी राहिली.

“मापाड्या, तुझीच बायको ना आमच्या लेकरायला शिकवती?”

“व्हय.”

“मग तिला सांग. तो साहेब फटफटीवर आला अन् वाट मोजून गेला. म्या पायानं मोजली. आमच्या निंबापासून खालच्या साळंच्या ओट्यापोत, बंधाऱ्यावरून. शंभराला दोन कमी इसा पावलं भरली.”

मी म्हणालो, “म्हातारे, इसाचा हिशेब सरकारात चालत न्हाई. मीटरमंदी सांग.”

हमाल हसले. मीही हसलो. ती म्हणाली, “मीटर तुझ्या घरी ठेव. पाय माझे हायेत.” आणि आपली हिशेबाची पट्टी घेऊन निघून गेली.

जानेवारीत ती वारली. दोन दिवस ताप आला आणि गेली. सुमन मयतीला गेली होती, मी गेलो नव्हतो.

आता मोजणी. एक किलोमीटरच्या वर अंतर भरलं तर शाळा राहणार होती. मी माझी सायकल घेतली. पुढच्या चाकाच्या आरीला तांबडी चिंधी बांधली. फरशीवर खडूची खूण करून चाक दहा वेळा फिरवलं, बावीस मीटर दहा सेंटिमीटर भरले. म्हणजे एका फेऱ्याला २.२१ मीटर. पण नुसती वही दाखवून साहेब मानणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. सुमनचा भाऊ पुण्यात शर्यतीच्या मोटारसायकली दुरुस्त करतो. त्या शर्यतवाल्यांचा अंगठ्याएवढा एक कॅमेरा असतो, हेल्मेटला पट्ट्यानं बांधायचा, आत मेमरी कार्ड. तो त्यानं आठ दिवसांसाठी पाठवून दिला. मी तो सायकलच्या हँडलला चाकाकडे तोंड करून बांधला. चाक, चिंधी आणि खालची दोन हात जमीन, एवढं त्यात दिसायचं. आवाजही यायचा.

रविवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी तांड्याच्या निंबापासून निघालो. मी सायकल हातात धरून चालत होतो आणि प्रत्येक फेरा मोठ्यानं मोजत होतो. सुमन मागून वहीत दर दहा फेऱ्यांना एक रेघ मारत होती. २१२ व्या फेऱ्याला ओढा आला. वाट सरळ खाली उतरते, तसा उतरलो. वाळूत सुमनच्या चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन ती पुढं अनवाणी आली. पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा २३१ झाले होते. शाळेच्या ओट्याला चाक टेकलं तेव्हा ४३१. घड्याळात आठ एकवीस. सुमनच्या वहीत त्रेचाळीस रेघा, वर एक.

४३१ गुणिले २.२१... नऊशे बावन्न मीटर एक्कावन्न सेंटिमीटर.

सुमननं माझ्याकडं पाहिलं. “म्हणजे बसत न्हाई.”

“सत्तेचाळीस मीटर एकोणपन्नास सेंटिमीटर कमी पडले.”

“तेवढंच ना? चाक थोडं मागं-पुढं झालं असंल.”

“चाक कशाला मागं-पुढं होतंय?”

“आवं, तेवीस लेकरायचा सवाल हाय.”

“तेवीस लेकरं असली म्हणून मीटर लांबतो काय?”

ती वही मिटून अनवाणीच पुढं निघाली. पण तिनंही ठरवलं होतं, की ९४० खोटं आहे एवढं तरी दाखवायचं. साडेबारा मीटरची का होईना, चूक ती चूक. सगळं दाखवू, लेकरांचं वय सांगू, साहेबाला माणुसकी असेल तर पाहू. तिचा दुसरा मार्ग नव्हता आणि मी तिला दुसरा आकडा देणार नव्हतो.

आता कॅमेऱ्यातली ती फाइल सेनगावातल्या कुठल्याच कॉम्प्युटरवर चालेना. साहेबांच्या ऑफिसात दाखवायचं तर व्हीसीडी पाहिजे. म्हणून सोमवारी कार्ड घेऊन हिंगोलीला रहीमभाईंकडे गेलो. त्यांचं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंगचं दुकान आहे. अर्ध्या जिल्ह्याच्या वराती त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. त्यांनी फाइल आत घेतली. कॉम्प्युटरनं लांबी दाखवली, पंधरा मिनिटं बावन्न सेकंद. माझ्या घड्याळाशी जुळली. दर दहा फेऱ्यांना आकडा येईल अशी अक्षरं टाकली आणि रेंडरला, म्हणजे हे सगळं जोडून नवी फाइल बनवायला, लावलं.

एकोणपन्नास टक्क्यांवर थांबलं.

“सात मिनट अडतालीस सेकंद पे पंक्चर,” रहीमभाई म्हणाले. “कुछ नहीं साहब, कोडेक का लफडा होगा. नवा कॅमेरा हाय, जरा नखरे करतो.”

कोडेक म्हणजे फाइल वाचायची किल्ली, असं त्यांनी मला समजावलं. तो नवा टाकला. पुन्हा लावलं, पुन्हा एकोणपन्नास. मग वीज गेली. तेव्हा हिंगोलीत लोडशेडिंगचं वेळापत्रक दुकानांच्या दारावर चिकटवलेलं असायचं, आणि आम्ही त्याच्या मधल्या वेळात काम करत होतो.

सोमवार, मंगळवार मिळून चौदा वेळा केलं. प्रत्येक वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे. फाइलचा प्रकार बदलून पाहिला. डिस्क बदलली. दुसऱ्या मशीनची रॅम काढून यात घातली. अक्षरं काढली, चित्राचा आकार निम्मा केला. तात्पुरत्या फाइलींची जागा भरली असेल म्हणून रहीमभाईंनी कोणाची तरी अख्खी हळद दुसरीकडे हलवली. कार्ड दुसऱ्या रीडरमधून पुन्हा वाचून नवी प्रत घेतली. प्रत्येक वेळी सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. ना सत्तेचाळीस, ना एकोणपन्नास.

मग मी म्हणालो, तुकडे करून पाहू. पहिला तुकडा सात मिनिटं सत्तेचाळीस सेकंदांपर्यंत, तो सुरळीत झाला. शेवटचा तुकडा आठ तेहेतीसपासून पुढं, तोही झाला. मधला पंचेचाळीस सेकंदांचा तुकडा काही केल्या होईना. पडद्यावर पाहायला गेलं तर २१२ व्या फेऱ्यावरचं चित्र गोठायचं आणि एकदम पलीकडच्या काठावर उडी मारायचं. म्हणजे ओढ्याच्या अलीकडचं बरोबर, पलीकडचं बरोबर, नेमका ओढा नाही.

“काट देते हैं ना,” रहीमभाई म्हणाले. “नाल्यात काय बघायचं हाय साहेबाला? रेती?”

“एकोणीस फेरे हायेत त्यात. ते काढले तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवील?”

“साहब, आप गलत धंदे में हो. मेरे पास लोग आके बोलते, दूल्हे का बाप काट दो. काटतो. कोणी इचारत न्हाई.”

“मी इचारीन,” मी म्हणालो.

त्यांनी कपाळाला हात लावला, पण माणूस हट्टाला पेटणारा. “फिर पुराना रस्ता,” म्हणाले. कॅमेऱ्याला टीव्हीची वायर जोडता येत होती. ती वायर त्यांनी जुन्या व्हीसीआरला लावली. कॉम्प्युटर मध्ये घ्यायचाच नाही. कॅमेऱ्यातून सरळ कॅसेटवर उतरवायचं, जसं पूर्वी करायचे. मग कॅसेटवरून पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घेता येतं.

बुधवारी सकाळी सुमन आली होती. सोबत तांड्याचे प्रमुख देवसिंग नाईक, कारण हरकतीच्या अर्जावर त्यांची सही पाहिजे होती. चौघं दुकानात बसलो. शटर उघडं, बाहेर ऊन, समोरच्या हॉटेलात मिरच्या तळल्याचा ठसका येत होता. रहीमभाईंनी कॅसेट टाकली, कॅमेरा सुरू केला. टीव्हीवर चाक फिरायला लागलं. माझा आवाज मोजत होता. मागं सुमनच्या चपलेची चटक-चटक.

दोनशे दहा. दोनशे अकरा. दोनशे बारा.

इथं माझा आवाज बंद झाला.

चाक खाली उतरलं नाही. ते उजवीकडं वळलं. खालची माती गेली, वाळलेलं गवत आलं, मग बाभळीच्या शेंगा, मग काळे घडीव दगड. चिंधी वर-खाली होत राहिली. चपलेचा आवाज नव्हता. आणि थोड्या वेळानं एका बाईचा आवाज, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, आकडे नीट ऐकू येतील असा:

“एक इस.”

चाक फिरत राहिलं.

“दोन इसा.”

नाईक डोक्याचा रुमाल काढून हातात घेऊन बसले होते. सुमननं माझा दंड धरला.

“तीन इसा.” मग एकेक करत, दमल्यासारखी... “न चौदा. न पंधरा. न सोळा.”

आणि लगेच माझा आवाज. “दोनशे बत्तीस.” पलीकडच्या काठाची लाल माती. मागून अनवाणी पावलं, चप्पल नाही.

कॅसेट संपली. मी घड्याळ लावलं होतं. सतरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. ज्या फाइलची लांबी पंधरा बावन्न आहे, तीच फाइल.

“गोमली याडी हाय,” नाईक म्हणाले.

सुमन म्हणाली, “दुसरं कोण असणार?”

रहीमभाईंनी हळूच कानाला हात लावले आणि चहा सांगितला.

मला भीती वाटली नाही. राग आला. मी विचारलं, “ते दगड कुठले?”

“बंधाऱ्याचे,” नाईक म्हणाले. “जुना बंधारा हाय वरल्या अंगाला. पाणी आलं की लेकरं तिकडूनच जातेत. बजारला, गिरणीला.”

“मग हे आदी काहून न्हाई सांगितलं?”

“तुमी इचारलं कुटं? मोजणारे तुमी. आमाला वाटलं, सरकारी अंतर म्हंजे सरळच ऱ्हात असंल.”

सुमन रोज सेनगावच्या बाजूनं यायची, तिला ओढ्याच्या त्या अंगाला जायचं कारणच नव्हतं. आणि मला... मला एका बाईनं काट्यासमोर उभं राहून ‘बंधाऱ्यावरून’ म्हणून सांगितलं होतं. मी फक्त ‘इसा’ ऐकलं होतं.

मी वही काढली. तीन इसा न सोळा म्हणजे शहात्तर. माझे ओढ्यातले एकोणीस वजा करून हे शहात्तर धरले तर एकूण ४८८. गुणिले २.२१. एक हजार अठ्ठ्याहत्तर मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

“बसलं,” सुमन म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“दे दो साहब,” रहीमभाई म्हणाले. “हीच कॅसेट कॉपी करतो. ऊपरवाले ने भेजा है.”

“ही देणार न्हाई.”

“काहून?” सुमन.

“मी तिकडून चाललो न्हाई. ही माझी मोजणी न्हाई.”

“पण आकडा खरा असंल की.”

“असंल. पण तो मी मोजलेला न्हाई. उद्या साहेबानं इचारलं, हे शहात्तर कोणी मोजले, तर काय सांगू? जानेवारीत वारलेल्या बाईनं?”

यावर नाईकांनी सांगितलं, की बंधाऱ्यावर जाऊन आधी एक नारळ फोडू, तिचं काही राहिलं असेल. मी त्यांना हात जोडले आणि म्हणालो, “नाईक, तुमी फोडा, मी आडवा येणार न्हाई. मी सायकल घेऊन येतो.”

गुरुवारी सकाळी सातला आम्ही तिथं होतो. तीच सायकल, तीच चिंधी, तोच कॅमेरा. हवा कमी झाली असेल म्हणून चाक पुन्हा दहा वेळा फिरवून पाहिलं, बावीस मीटर दहा. निंबापासूनच सुरू केलं. २१२ ला उजवीकडं वळलो. वाळलेलं गवत, बाभळीच्या शेंगा, मग काळे दगड. तिसऱ्या दगडाचा कोपरा फुटलेला होता, टीव्हीवर दिसला होता तसाच. बंधाऱ्याच्या मध्यावर दीड हाताची फट आहे. लेकरं तिथं उडी मारतात. मला सायकल नेता येईना, म्हणून नाईकांनी फळी आणून टाकली. त्या आदल्या चित्रात चाक या फटीवरून न अडखळता गेलं होतं. एक धक्काही नव्हता. फळीही नव्हती. हे मी तिथं उभं राहून लिहून घेतलं.

पलीकडच्या काठावर आलो. २१२ पासून सुमननं वहीत नव्या पानावर रेघा मारल्या होत्या, ते पान पाहिलं. सात रेघा, वर सहा. शहात्तर. शाळेच्या ओट्याला ४८८.

कार्ड घेऊन हिंगोली गाठली. रहीमभाईंनी नवी फाइल लावली आणि खुर्ची मागं सरकवून बसले. चाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. वीज जायच्या अकरा मिनिटं आधी शंभर टक्के झालं.

“कोडेक बरोबर बसला वाटतं,” रहीमभाई माझ्याकडं न बघता म्हणाले.

शुक्रवारी साहेबांपुढं व्हीसीडी चालवली. अर्जात मी दोन्ही अंतरं लिहिली होती. कोरड्या ओढ्यातून ९५२.५१ मीटर, ओढ्याला पाणी असताना बंधाऱ्यावरून १०७८.४८. पहिला आकडा लिहू नका, असं सुमन आदल्या संध्याकाळपर्यंत म्हणत होती. मी लिहिला. त्याच्या खाली तिसरी ओळही लिहिली, ती तिला दाखवली नव्हती. ‘कै. गोमलीबाई, राहणार तांडा, यांनी पायी मोजलेले अंतर, बंधाऱ्यावरून: ९८ इसा.’

साहेबांनी पेन त्या ओळीवर ठेवलं. “हे इसा काय?”

“वीस, साहेब. अठ्ठ्याण्णव इसा म्हणजे एकोणीसशे साठ पावलं.”

“हे कशाला लिहिलं? याला काय आधार?”

मी म्हणालो, “भागून बघा.”

त्यांनी टेबलावरचं कॅल्क्युलेटर ओढलं. १०७८.४८ भागिले १९६०. “पंचावन्न सेंटिमीटर. एक पाऊल पंचावन्न सेंटिमीटरचं... बाई बुटकी होती काय?”

“माझ्या खांद्याला लागत नव्हती.”

त्यांनी पेन उचललं. शेरा लिहिला, की पावसाळी मार्ग एक किलोमीटरपेक्षा जास्त, सबब शाळा चालू ठेवावी. आज हे लिहितोय तेव्हा ती चालू आहे. पुढं किती दिवस, ते मला माहीत नाही.

पंचावन्न सेंटिमीटरनं एकोणीसशे साठ पावलं म्हणजे १०७८ मीटर. वर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर उरतात. एका पावलाइतकेही नाहीत. तिचा हिशेब मी काट्यापाशी हसण्यावारी नेला, तो माझ्या सायकलच्या चाकाइतका बरोबर होता. एवढ्याचा खुलासा आहे. तिनं नीट मोजलं होतं, आणि मी नीट ऐकलं नव्हतं.

बाकीच्याचा नाही. लोक म्हणतात, मिक्सिंगवाल्यानं गंमत केली असेल. रहीमभाई तोपर्यंत त्या तांड्यावर कधी गेले नव्हते, शहात्तरचा आकडा त्यांना माझ्याआधी कळायचं कारण नव्हतं, आणि माझा आवाज २१२ ला तोडून २३२ ला जोडला असं धरलं तरी फुटक्या कोपऱ्याचा दगड कुठून आणला? कोणी म्हणतं, तुम्हीच भानावर नव्हता, बंधाऱ्यावरून गेला असाल. मग सुमनची चप्पल वाळूत तुटली ती कशी? आणि फळीशिवाय सायकल फटीवरून कशी गेली? एकानं मला बंधाऱ्यावर कोंबडं देण्याचा सल्ला दिला. मी दिलं नाही, देणार नाही. मला कोणी झपाटलं नाही, घरात कोणी आजारी पडलं नाही, आणि भिंतीवरच्या बावीस ओळींपैकी एकही मी खोडलेली नाही.

ती जुनी फाइल माझ्याकडे सीडीवर आहे. मधल्या काळात तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. तिन्हीकडे एकोणपन्नास टक्के, सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. कॅसेटही आहे, कपाटात, बुरशी लागू नये म्हणून महिन्यातून एकदा फिरवून ठेवतो. ज्याला शंका असेल त्यानं सेनगावला यावं आणि स्वतः मोजावं. सायकल मी देईन.

सातऐवजी आठ वेळा झालं, असं मी आता यार्डात सांगतो. माझ्या मापावर आठव्यांदा फेरमाप झालं, आणि त्या वेळी माझा आकडा निघाला नाही. ते फेरमाप कोणी केलं, ते मात्र मला लिहिता येत नाही.